बॉल बराबर होता

आमच्यापैकी कोणीही बॉल नेटमध्ये मारला की भाऊंचा उजवा हात वर जायचा. "मायी चूक. मीच खाली देल्ला." खरं तर बॉल अगदी हवा तिथे आलेला असायचा आणि मारणारा अर्धवट झोपेत उडालेला असायचा. हे सगळ्यांना दिसायचं, मारणाऱ्यालाही. तरी हात वर व्हायचा तो भाऊंचाच.

सिंदी मेघेला आमच्या घरांमागे एक रिकामा प्लॉट आहे. तिथे आम्ही रोज सकाळी व्हॉलीबॉल खेळतो. कोणी दुकानदार, कोणी मास्तर, कोणी सावंगीला नोकरी करणारा. भाऊ भाजीचे व्यापारी. पहाटे मंडीतला माल मोकळा करून ते थेट मैदानावर यायचे, त्यामुळे हाताला सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास असायचा. त्यांनी दिलेल्या बॉललाही तो वास यायचा. मला तर खेळता खेळता भूक लागायची.

सामना बघताना तुमची नजर कुणावर असते? मारणाऱ्यावरच ना? आमचीही असायची. त्याच्यासाठी बॉल अलगद वर ठेवून देणारा सेटर कुणाच्या लक्षात राहत नाही. भाऊ तरुणपणापासून सेटरच. "भाऊ, कधी मारावंसं नाई वाटत?" असं विचारलं की म्हणायचे, "वाढणाऱ्यानं पहिल्या पंगतीत बसू नाई, गा."

मग त्यांचा बॉल फिरायला लागला. चांगल्या सेटरचा बॉल हवेत शांत असतो. दोन्ही हातांतून एकदम सुटला नाही तर तो गरगरतो. आम्ही बघत होतो, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी भाऊच म्हणाले, "उजवा हात मांगं राहून राह्यला."

पुढे मंडीत हातातून सांभाराच्या जुड्या सुटू लागल्या. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. बोटांपासून सुरू होऊन वर चढत जाणारा, आणि त्यावर औषध नाही. भाऊंनी त्यांना एवढंच विचारलं, "बोटं किती दिवस चालतीन?"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी मला गाठलं. "तू सेटर हो."

टीममधला सगळ्यात उंच मी आणि सगळ्यात मिजासखोरही मीच. "काऊन मी? मी तं मारतो."

"म्हणूनच. मारणाऱ्याले काय पायजे, ते तुले मालूम हाय."

भाऊंची शिकवणी मंडीत चालायची. मी टेम्पोपाशी खाली उभा राहायचो आणि भाऊ वरून पिकलेले टमाटर सोडायचे. ते मी कपाळाच्या वर, नुसत्या बोटांच्या टोकांवर घ्यायचे आणि हलकेच बाजूच्या क्रेटमध्ये पाठवायचे. पहिले काही माझ्या कपाळावरच फुटले. भाजीवाल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. भाऊ मात्र गंभीर. "दाबू नोको. आला तसा जाऊ दे त्याले." घरी शर्ट बघून बायको म्हणाली, "तुम्ही खेळाले जाता का चटणी कराले?"

हळूहळू टमाटर फुटायचे थांबले आणि भाऊंच्या जागी मी उभा राहू लागलो. भाऊ लाइनीबाहेर एका पालथ्या क्रेटवर बसायचे. उजवा हात आता लोंबत होता. माझ्या बॉलवर कुणी चुकलं की त्यांचा डावा हात वर जायचा. "मायी चूक. मीच याले बराबर शिकवलं नाई." मी चांगला बॉल दिला तर मात्र चकार शब्द नाही. एकदा तरी शाबासकी मिळावी म्हणून मी जीव टाकत होतो, हे सांगायला मला लाज नाही.

थंडीतल्या एका सकाळी भाऊ क्रेटवरून उठले आणि सावकाश चालत नेटपाशी आले.

"एक मले दे," ते म्हणाले. "आता वाढणारा तू. मले वाढ."

मी बॉल दिला. तसा बॉल मी आधी कधी दिला नव्हता आणि नंतरही मला कधी जमला नाही. जरासुद्धा न फिरता तो वर गेला आणि भाऊंच्या डाव्या हातासमोर उतरू लागला. भाऊ उडाले, म्हणजे टाचा तेवढ्या उचलल्या गेल्या. हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. बॉल त्यांच्या पुढ्यात जमिनीवर पडला आणि घरंगळत गेला.

माझा हात आपोआप वर गेला. "मायी चूक, भाऊ. मीच खाली देल्ला."

भाऊ कधी चिडत नसत. त्या दिवशी चिडले.

"खोटं नोको बोलू! बॉल बराबर होता."

बॉल उचलायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली आणि रडलो.

त्यानंतर भाऊ मैदानावर आले नाहीत. उन्हाळ्यात ते गेले.

आता सेटर मी आहे. कोणी नेटमध्ये मारलं की माझा हात वर जातो. "मायी चूक," मी म्हणतो, आणि हात वर असतानाच लाइनीकडे बघतो. पालथा क्रेट अजून तिथेच आहे. तिथून माझ्यावर कोणी चिडत नाही.