घरचं की विक्रीचं?

"घरचं की विक्रीचं?"

सेलूच्या स्टेशनातून सामान घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागायचा. विचारणारे करोडगिरीच्या नाक्यावरचे आमचे नाकेदारसाहेब. निजामाच्या राज्यात बाहेरून आलेल्या विक्रीच्या मालावर जकात बसे, घरच्या सामानावर नसे. साहेब प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता उकिडवे बसून सामानातलं एखादं पातेलं उलटं करायचे. बुडावरून बोट फिरवायचे. बोट काळं झालं, की म्हणायचे, "घरचं हाय. जाऊ द्या."

मी त्यांच्या हाताखालचा कारकून. एकदा वऱ्हाडातून आलेल्या एका कासारानं नव्या पातेल्यांची बुडं चुलीवर धरून काळी केली होती. साहेबांनी बोट फिरवलं, मान डोलावली, मग हळूच आत हात घातला. "बूड काळं अन् पोट कोरं. लय दिवस उपाशी ठेवलं की हो भांडं." कासाराला पण हसू आलं. हसत हसतच त्यानं जकात भरली.

पण म्हातारीचं गाठोडं कुणी सोडायला लागलं, तर साहेब खवळायचे. वरच्या अधिकाऱ्यालासुद्धा एकदा त्यांनी ऐकवलं होतं, की नेसलेल्या लुगड्यावर सरकारचा हक्क न्हाई. माणसाच्या घरात सरकारनं हात घालू नये, हा त्यांचा कायदा. तो मी पाठ केला. त्याचं मी पुढं काय केलं, ते सांगायलाच तर बसलोय.

राज्य गेलं, मागोमाग नाकेही उठले. आम्हा तरण्यांना विक्रीकराच्या ऑफिसात घेतलं. साहेबांचं वय उलटून गेलेलं, आणि वीस वर्षांची नोकरी कागदावर कधी कायमच झालेली नव्हती. पेन्शनसाठी त्यांनी हैदराबादला अर्जांवर अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग कळलं, साहेबांनी बाजारात जुन्या भांड्यांचं दुकान काढलंय. दुकान म्हणजे आठवडी बाजारात अंथरलेलं एक तरट. पण बसायचे कोट घालून, टोपी नीट करून, नाक्यावर बसायचे तसेच. बाजारातल्या एका भांडेवाल्याच्या पोटात दुखलं. त्यानं अर्ज दिला, की हा माणूस कर न भरता धंदा करतो. चौकशीला माझीच नेमणूक झाली.

मी तरटासमोर उकिडवा बसलो. एक पातेलं उलटं करून बोट फिरवलं. बोट काळं झालं. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत आहे. काठाखाली जिथं नाव असतं, तिथं प्रत्येक भांड्यावर कानस फिरवलेली होती.

"साहेब," मी विचारलं, "घरचं की विक्रीचं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "विक्रीचं," म्हणाले.

मग त्यांनी मला बाजूला नेलं. एकुलत्या एका लेकीची सोयरीक पाथरीला धरली होती. तिकडं सांगितलं होतं, की मुलीच्या बापाचं दुकान आहे. कर बसला तर बसू दे, उलट पावती दाखवायला बरी, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, घरच्या वस्तूवर कर बसत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. त्यावर त्यांनी माझा हात धरला.

"घर विकून खायलाय म्हणल्यावर पोरगी कोण करून घेईल? विक्रीचं लिही, बाबा."

मी शहाणा ना! उपाशी माणसाकडून न बसणारा कर घ्यायला माझं मन होईना. मी लिहिलं, 'इसम व्यापारी नसून स्वतःच्या घरातील वापरलेली भांडी विकत आहे. सबब कर लागू नाही.' सही करताना वाटलं, गुरूच्या उपकारांची थोडी तरी फेड झाली. आग लागो त्या अकलेला.

अर्जाचं उत्तर भांडेवाल्याला गेलं. त्यानं ते भर बाजारात वाचून दाखवलं. आठ दिवसांच्या आत पाथरीहून निरोप आला, की सोयरीक मोडली. तरट पुन्हा कधी अंथरलं गेलं नाही. साहेब मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मला त्या गल्लीतून जाता तरी आलं असतं.

शेवटी ते बायकोला आणि लेकीला घेऊन सोनपेठकडं मेहुण्याच्या आश्रयाला निघाले. भर दुपारी मी स्टेशनावर गेलो. जुन्या नाक्याची जागा आली तसे साहेब थांबले. मायलेकी पुढं गेल्या. साहेबांनी ट्रंक खाली ठेवली, स्वतःच झाकण उघडलं आणि उकिडवे बसले.

आत दोन गोधड्या होत्या. त्यांच्यावर रुखवतासाठी घेतलेला पितळेचा एक नवा हंडा, आणि काठाखाली लेकीचं नाव, ताजं कोरलेलं. साहेबांनी हंडा उलटा करून माझ्यापुढं धरला. बूड लखलखीत होतं. त्याला चूल अजून लागलेली नव्हती.

"ह्याला काय लिहिशील?" त्यांनी विचारलं. "घरचं की विक्रीचं?"

मी बुडावरून बोट फिरवलं. बोट कोरंच राहिलं. मग साहेबांनी हंडा गोधडीत गुंडाळून झाकण लावलं आणि ट्रंक उचलून ते गाडीकडं गेले.