रात्रीची गिऱ्हाइकं

टेलरमास्तरांना काहीही विचारलं की एकच उत्तर मिळे, "चालेल." गिऱ्हाइकानं म्हणावं, बाही जरा वर घ्या, चालेल. दूधवाल्यानं म्हणावं, उद्या जमणार नाही, चालेल. एकदा एक माणूस चुकीच्या दुकानात शिरला आणि दाढी करायची आहे म्हणाला. तेव्हाही मास्तरांच्या तोंडून "चालेल"च गेलं, आणि मग दोघंही थोडा वेळ एकमेकांच्या हनुवटीकडे बघत उभे राहिले.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मास्तर अर्ध्या इंचावरून तासभर हुज्जत घालत. दहा महिन्यांपूर्वी बायको गेली आणि जाताना त्यांच्यातला भांडखोर माणूस बरोबर घेऊन गेली. मागे उरला तो फक्त मशीन चालवणारा. त्या दिवसाची त्यांना एकच गोष्ट आठवते: मेहुण्याच्या कोटाची डावी बाही पाऊण इंच लांब होती. लोक रडत होते, पाठीवर हात ठेवत होते. मास्तर बाही बघत होते. लागतील म्हणून त्यांनी खिशात दोन रुमाल घेतले होते. संध्याकाळी दोन्ही इस्त्रीच्या घडीसकट कपाटात परत गेले.

दुःख झालं असतं तर निदान त्याचं काहीतरी करता आलं असतं. यांना काही होतच नव्हतं. जेवण गळ्याखाली जाई, मशीन चाले, दिवस मावळे. अडचण फक्त रात्री दोनची. बरोब्बर दोनला डोळे टक्क उघडत आणि साडेचारपर्यंत मिटत नसत. हे अडीच तास कशानंच भरत नसत. छताकडे बघून झालं, उशी उलटी करून झाली, तरी घड्याळात दोन वाजून सात मिनिटंच.

अशाच एका रात्री ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. दिवा लावला नाही. खिडकीतून परसदार दिसत होतं आणि त्याच्या टोकाला टेकडीकडचं लाकडी कुंपण. त्याच्या दोन फळ्या कधीच्या निखळल्या होत्या. त्या फटीतून एक कोल्हा आत आला, दुकानात पहिल्यांदाच येणाऱ्या माणसासारखा, आत येऊ की नको करत. मास्तरांनी सवयीनं माप घेतलं. छाती चौदा. उजवा मागचा पाय आखूड. चालताना पाठीला झोल पडतो.

त्याच्यामागून साळिंदर आलं. अंगावर तयार ओव्हरकोट, दुरुस्तीला जागाच नाही. शेवटी एक ससा. कानांमुळे कॉलर बसणं अशक्य. मास्तर स्टुलावर बसले. मान वर केली तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. मास्तर त्यांना खायला घालत नव्हते, नावं देत नव्हते, त्यांच्याशी बोलत तर मुळीच नव्हते. नुसते बघायचे.

शेजारच्या बाईंना याचा पत्ता नव्हता. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. त्यांचं दार पलीकडच्या गल्लीत, पण दोघांची परसदारं चिकटलेली आणि मधे फक्त गुडघाभर झुडपं. मास्तरांनी शिवलेला कोट घेऊन बाई एक दिवस ती झुडपं ओलांडून तरातरा आल्या.

"मास्तर, हा कोट आहे की कोडं?"

"का? काय झालं?"

"पाच बटणं आहेत. काज एकही नाही. बटणं लावू कुठे, कपाळाला?"

मास्तरांनी कोट उलटासुलटा केला. खरंच काज नव्हतं. बत्तीस वर्षं बटणं ते लावत आणि काजं बायको करी. तिच्या खुर्चीमागच्या खुंटीला कपडा अडकवला की तिसऱ्या दिवशी काजांसकट तयार.

"खुंटीला तीन दिवस होता," ते म्हणाले.

बाई खुर्चीकडे बघत राहिल्या. मग कोट अंगात घातला. "असू दे. थंडी वाजली तर हातानं धरीन."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी झुडपांवरून गरम जेवणाचं पातेलं येऊ लागलं. "जास्त झालंय हो, संपवा," असं बाई रोज म्हणत. एकट्या बाईचं रोज इतकं जास्त होत असेल तर त्यांचं गणित कच्चंच म्हणायला हवं.

बाईंनी कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांना नावं नव्हती, हजेरीचे नंबर होते. एका सकाळी त्या झुडपांपाशी येऊन उभ्या राहिल्या, हातात दोन पिसं.

"चार नंबर गैरहजर. परवा सहा नंबर गेली. कोल्हा आहे, तुमच्या मागच्या फटीतून येतो. तारवाला गुरुवारी येतोय. फट बुजवू, जाळी हातभर जमिनीत पुरू. खर्च माझा. चालेल ना?"

"चालेल," मास्तर म्हणाले.

त्याच रात्री कोल्हा परसातल्या नळाखालचं पाणी पीत असताना त्यांच्या डोक्यात आलं की गुरुवारनंतर हा येणार नाही. साळिंदर नाही, ससा नाही. वाईट वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही. मनात इतकंच आलं, की मग दोन ते साडेचार काय? छत पुन्हा तेच. मास्तरांना पहिल्यांदा कसलीतरी भीती वाटली आणि ती ओळखीची नसल्यामुळे त्यांना वाटलं पित्त झालंय.

सोमवारी बाईंना सांगायचं ठरवलं. पातेलं घेतलं आणि "मीठ बरोबर आहे," एवढंच बोलले. मंगळवारी तेही नाही. बुधवारी बाईच म्हणाल्या, "उद्या सकाळी आठ," आणि मास्तरांनी मान हलवली.

गुरुवारी तारवाला खांद्यावर जाळीचं भेंडोळं घेऊन हजर झाला. बाई फटीपाशी उभ्या होत्या. त्यानं पहिला खुंटा जमिनीवर टेकवला, हातोडा उचलला.

"थांब!"

आवाज इतका मोठा निघाला की मास्तर स्वतःच दचकले.

"तिथं नको. इथं लाव." त्यांनी झुडपांच्या रांगेकडे बोट दाखवलं.

"म्हणजे माझ्या नि तुमच्या मधे?" बाई म्हणाल्या.

"कोंबड्या वाचतील."

"आणि मी?"

"तुम्हाला तो काही करत नाही."

तारवाला हसला. "बाई, म्हणजे कोल्हा घरचा झाला आणि तुम्ही रानातल्या!"

"तू गप रे," बाई त्याला म्हणाल्या आणि मास्तरांकडे वळल्या. पोरानं उत्तर कुठून उतरवलंय ते काढून घेतानाचा त्यांचा आवाज. "काय आहे त्या फटीत?"

"रात्री दोनला येतात. मी बघतो."

"मग?"

"मग साडेचार वाजतात."

बाईंनी फटीकडे वळून पाहिलं. कोटाच्या कडा त्यांनी छातीशी धरून ठेवल्या होत्या.

"लाव मधे," त्या तारवाल्याला म्हणाल्या. "पातेल्यापुरता झरोका ठेवता येईल का?"

"नको," मास्तर म्हणाले. "त्याची छाती चौदाच आहे. शिरेल."

दुपारपर्यंत पुरुषभर उंचीची जाळी उभी राहिली. त्या रात्री कोणीच आलं नाही. दिवसभर ठोकाठोक झालेली, माती उकरलेली. दुसऱ्या रात्रीही नाही, तिसऱ्याही. मास्तर दोन ते साडेचार रिकाम्या परसदाराकडे बघत बसले. फट उघडी होती आणि तिच्यातून नुसता वारा येत होता. संध्याकाळचं पातेलंही बंद झालं होतं. दोन्हीकडून आपणच बुजवून घेतलं, असं त्यांच्या मनात आलं, तेही दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं.

पाचव्या दिवशी उन्हं उतरताना पुढचं दार वाजलं. बाई होत्या, धापा टाकत, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. दोन गल्ल्या आणि अख्खा चढ चालून आल्या होत्या.

"आला का तो?"

"नाही."

"आणखी कोणी?"

"नाही."

"बसते जरा. वळसा मोठा आहे, मेला." त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या. "केवढा आहे तरी?"

मास्तरांनी दोन्ही हात पुढे करून लांबी दाखवली, मग जमिनीपासून उंची.

"एवढाच? एवढ्याशानं माझी चार नंबर नेली?"

"एका पायानं अधू आहे," मास्तर म्हणाले. "दूर जाऊन शिकार जमत नसेल."

"वकिली करू नका," बाई म्हणाल्या आणि फडक्याची गाठ सोडायला लागल्या. "ताटं कुठे ठेवता?"

मास्तरांनी दोन ताटं काढली. दोघं खिडकीकडे तोंड करून जेवायला बसले. बाहेर अजून बराच उजेड होता.