आधीच केलेली खूण

विशाखाताई कुठलाही फॉर्म बसून तपासत नसत. पान तयार झालं असं आम्ही सांगितलं की त्या खुर्चीतून उठत, टेबलाखालची भाजीची पिशवी डाव्या हातात घेत आणि ऑफिसबाहेरच्या पॅसेजमध्ये उभ्या राहून, तडा गेलेल्या मोबाइलवर एका अंगठ्याने तो फॉर्म भरत. पिशवीत भाजी नसली तर पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या टाकत. "आपली बाई बसून फॉर्म भरत नाही गं," त्या म्हणत. "बस येईपर्यंत भरते, कुकरची शिट्टी होईपर्यंत भरते. तेवढ्यात झाला तर झाला." मग पॅसेजमधूनच आवाज येई, "बटण अंगठ्याखाली येत नाहीये!" आणि ते खरंच येत नसे. आम्ही बाकीचे तपासताना अबक, कखग असलं काहीतरी ठोकून द्यायचो. त्या मात्र स्वतःचं खरं नाव आणि खरा ईमेल लिहीत. "खोटं नाव टाकलं तर आपल्याला भीतीच वाटत नाही. भीती वाटली पाहिजे."

आमचं ऑफिस परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत होतं. कंपन्यांना लोकांना दर आठवड्याला ईमेल पाठवायचे असतात आणि त्यासाठी लोकांनी आपणहून नाव नोंदवायला हवं असतं. नाव जिथे नोंदवायचं ते एक पान, म्हणजे लँडिंग पेज, आम्ही बनवायचो. वर नजर थांबवेल असं वाक्य, खाली चार ओळी, मग फॉर्म आणि बटण. दिसायला एवढंच.

मी केलेल्या पहिल्या पानावर नऊ रकाने होते. विशाखाताईंनी पेन्सिल घेतली आणि एकेका रकान्यावर ठेवली. "जन्मतारीख कशाला?"

"वाढदिवसाला ईमेल पाठवता येईल म्हणून."

"केक पाठवणारेस? नाही ना? मग काढ. पत्ता? त्यांच्याकडे जाणारेस? काढ." शेवटी नाव आणि ईमेल उरलं. मग त्यांची पेन्सिल बटणावर आली. "हे सबमिट म्हणजे काय? शरण जा? तिथे 'मला पत्र पाठवा' लिही. माणूस बटण दाबतो तेव्हा त्याच्या मनात जे असतं तेच बटणावर असावं." पुढच्या आठवड्यात त्या पानावरची नोंदणी दुपटीहून जास्त झाली. मी आनंदाने सांगायला गेले तर म्हणाल्या, "आता त्यांना दिलेला शब्द पाळ. नाव मिळवणं सोपं असतं."

त्या नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या. वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडल्यावर ते रविवारी सकाळी विहाराच्या पायरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, हॉस्पिटलची सवलत. छोटी विशाखा शेजारी कागद धरून बसे. अर्ज झाला की वडील तो मोठ्याने वाचून दाखवत आणि विचारत, "यात तुम्ही न सांगितलेलं काही आलंय का?" समोरच्याने नाही म्हटल्यावरच सही घेत. विशाखाताईंनी मला हे एकदाच सांगितलं, जेवताना, डबा बंद करता करता. तेव्हा ते माझ्या कानावरून गेलं.

मग ते काम आलं. घरी कॅन्सरचा पेशंट असलेल्या लोकांना दर सोमवारी ईमेल पाठवायचा. काय शिजवावं, तोंड आलं असेल तर काय द्यावं, उलटीनंतर किती वेळाने खाऊ घालावं. क्लायंट होता पौष्टिक पावडर विकणारी एक कंपनी. मजकूर एका आहारतज्ज्ञ बाईंचा, चांगला. वरचं वाक्य विशाखाताईंनी लिहिलं: 'आज त्यांना काय जेवण जाईल?' खाली फक्त ईमेलचा रकाना. नावं येऊ लागली, पण हळूहळू.

त्याच सुमारास त्यांच्या चाळीचा नंबर लागला. इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती. सामान संक्रमण शिबिरात हलवायला त्यांनी आठवडाभर रजा घेतली. जाताना मला म्हणाल्या, "अश्विनी, पान तुझ्याकडे. सांभाळ."

दुसऱ्याच दिवशी देवांग सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांची. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. क्लायंटला महिनाअखेर मोठा आकडा हवा होता. तो नाही मिळाला तर क्लायंट जाणार आणि दोन माणसं कमी करावी लागणार. त्यातली एक मी, हे त्यांना सांगावं लागलं नाही. माझ्या वडिलांचं काम सुटून वर्ष झालं होतं. लालबागच्या आमच्या घरात पगार माझा एकटीचा.

क्लायंटची यादी सरांनी पुढे सरकवली. मोबाइल नंबर मागायचा; त्या बदल्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मोफत पुस्तिका द्यायची. आजार कुठला, स्टेज कितवी, हेही विचारायचं. खाली फिकट राखाडी अक्षरांत एक चौकोन, 'माझी माहिती सहयोगी कंपन्यांना देण्यास संमती आहे', आणि त्यात बरोबरची खूण आम्हीच आधी करून ठेवायची. आणि कुणी पान बंद करायला गेलं की एक खिडकी उघडावी. त्यात दोन पर्याय. 'हो, मला पुस्तिका हवी' आणि दुसरा नकाराचा, ज्याने माणूस क्षणभर थांबेल.

दुसरी ओळ मला बसल्या जागी सुचली. 'नको, मला माझ्या माणसाची काळजी नाही.'

"अश्विनी, किलर!" सर म्हणाले.

तीन दिवसांत हवा तो आकडा पार झाला. पहिल्या यादीची फाइल सहयोगी कंपनीकडे गेली. दुसरी पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता जायची होती.

सोमवारी विशाखाताई परत आल्या. रोज ऑफिसला आल्यावर त्या आधी लोकांची उत्तरं वाचत. ईमेलला कुणी उत्तर पाठवतं, हेच आमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी एक उत्तर त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि पिशवी घेऊन पॅसेजमध्ये गेल्या. फॉर्म भरायला त्यांना एरवी मिनिटही लागत नसे. त्या दिवशी मी काचेतून बघत होते. त्यांचा अंगठा मधेच थांबला होता.

आत येऊन त्यांनी ते उत्तर मला वाचायला दिलं. काळाचौकीच्या नेहा नावाच्या मुलीचं होतं. तिने लिहिलं होतं: 'आईला आम्ही अल्सर सांगितला होता. परवा मी आंघोळीला गेले असताना फोन तिने उचलला. समोरच्या बाईने विचारलं, पेशंटची चौथी स्टेज आहे ना, आमच्याकडे त्यावर काढा आहे. मी बाहेर आले तेव्हा आईने फोन बंद करून टेबलावर नीट ठेवला होता. तिने मला विचारलं, चौथी म्हणजे कितींतली गो? मी हा नंबर आणि ही माहिती फक्त तुम्हाला दिली होती.'

मी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"खिडकीतली ओळ कुणाची?" विशाखाताईंनी विचारलं.

"माझी."

"ओळ चांगली जमलीये," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणूनच लागली." त्या ओरडल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं.

त्यांनी नेहाला लिहिलं, भेटायला येऊ का विचारलं. बुधवारी आम्ही दोघी काळाचौकीला गेलो. नेहा आम्हाला वर घेऊन गेली नाही. चाळीच्या जिन्याखाली उभ्या उभ्याच बोलली. समोर मंडळाच्या मांडवाचे बांबू उतरवत होते आणि त्या आवाजात तिचं बोलणं मधेमधे बुडत होतं.

"माफी मागायला आलात? त्याने काय होणार?"

"काही होणार नाही," विशाखाताई म्हणाल्या. "चूक आमची आहे, ती तुझ्यासमोर उभं राहून कबूल करायची होती. आणि एक विचारायचंय. शुक्रवारी अजून लोकांची नावं जाणार आहेत. ते थांबवायला तुझं पत्र आमच्या साहेबांना दाखवू का? तू नाही म्हणालीस तर नाही दाखवणार."

नेहाने त्यांच्याकडे पाहिलं. बहुतेक त्या फॉर्मपासून आतापर्यंत तिला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. "नाव काढून दाखवा," ती म्हणाली. मी तिथेच उभी होते. 'आमची चूक' या शब्दांत मी आरामात लपले होते.

शुक्रवारी दुपारी विशाखाताई केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, मला वाईट वाटतंय. खरंच. पण लिस्ट क्लायंटची आहे."

"नावं त्यांची आहेत ना, सर?"

"त्यांनी टिक केलंय."

"आपण केलंय. त्यांनी फक्त काढलं नाही." मग त्या म्हणाल्या, "मला एक ईमेल पाठवू द्या सगळ्यांना. काय झालंय ते सांगते आणि विचारते. जे हो म्हणतील त्यांची नावं ठेवू."

"निम्मी लिस्ट जाईल."

"निम्म्याहून जास्त जाईल."

"पाच वाजता फाइल गेली पाहिजे," सर म्हणाले आणि फोन उचलला.

सव्वाचार झाले होते. विशाखाताई जागेवर येऊन बसल्या आणि लिहू लागल्या. यादीच्या खात्याचा पासवर्ड त्यांच्याकडे आणि माझ्याकडे, दोघींकडेच होता. साडेचार वाजता त्यांनी मान वर केली. "अश्विनी, खाली जाऊन चहा पिऊन ये."

"ताई, मी पण..."

"तुझ्या घरी तू एकटी कमावतेस. जा."

मी जायला नको होतं. मी गेले. गेटबाहेरच्या टपरीवर चहा हातात धरून उभी राहिले. पावणेपाचला खिशातला फोन थरथरला. तपासणीसाठी माझंही नाव त्या यादीत होतं, त्यामुळे ईमेल मलाही आला.

'तुम्ही आमच्याकडे पथ्याची माहिती मागायला आलात. आम्ही तुमचा नंबर आणि तुमच्या माणसाच्या आजाराची माहिती घेतली, आणि ती दुसऱ्या कंपनीला द्यायची परवानगी तुमच्या वतीने आम्हीच लिहून टाकली. काही जणांची माहिती गेलीही आहे. ती परत आणणं आमच्या हातात नाही. बाकीच्यांची थांबवतो आहोत. सोमवारचं पत्र यापुढेही हवं असेल तर खालचं बटण दाबा. नको असेल तर काहीच करू नका, तुमचं नाव काढून टाकू. ज्यांच्या घरी नको तो फोन आला, त्यांची मी माफी मागते. हा फॉर्म माझ्या हाताखाली तयार झाला.' खाली त्यांचं पूर्ण नाव होतं. माझं कुठेच नव्हतं.

मी चहा तसाच ठेवून वर धावले. केबिनचं दार आता बंद होतं. आतून सरांचा चढलेला आवाज येत होता. विशाखाताई बाहेर आल्या तेव्हा पाच वाजून गेले होते. फाइल गेली नव्हती. उलट क्लायंटच्या वकिलाचा फोन आला होता, प्रकरण अंगाशी येईल, आता त्या यादीला हातही लावू नका म्हणून. क्लायंट गेला, आणि विशाखाताईंनाही त्याच दिवशी जायला सांगितलं गेलं. त्या डबा, छत्री आणि स्वेटर पिशवीत भरत होत्या. मी केबिनमध्ये जाऊन ओळ माझी होती असं सांगितलं. सरांनी मानही वर केली नाही. "आता काय फरक पडतो?"

मी बस थांब्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. वाटेत म्हणाले, "ताई, तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आलाय की. अजून आहे," त्या म्हणाल्या. "पण राग आला म्हणून माणसाला टाकून द्यायचं असतं का?" बस आली आणि त्या चढल्या.

त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. निम्म्याहून कितीतरी जास्त नावं गेली. यादी आता क्लायंटला नकोच होती; उरलेल्यांसाठी त्या आहारतज्ज्ञ बाईंनी पत्र स्वतः चालवायचं ठरवलं आणि फॉर्म विशाखाताईंकडे सोपवला. संक्रमण शिबिरातल्या खोलीत, टीव्हीच्या आवाजात बसून त्या तो सांभाळू लागल्या. मी आणखी सात महिने त्याच ऑफिसात राहिले. त्यांना फोन करायचे तेव्हा त्या कामाचं बोलत, घरचं विचारत. त्या गोष्टीचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि माझ्यासाठी तो कधी बंदही केला नाही.

एका रविवारी त्यांचा फोन आला. नेहाची आई गेली होती, दहा दिवस झाले होते. नेहाने त्यांनाच लिहून कळवलं होतं. "मी जातेय. येणार असशील तर ये," एवढंच म्हणाल्या.

या वेळी नेहाने आम्हाला वर घरात नेलं. खोलीत अजून औषधांचा वास होता. बोलता बोलता नेहा म्हणाली, "त्या फोननंतर आईने तुमचं ते पान मला उघडायला लावलं होतं. खिडकीतली ती ओळ तिने वाचली. म्हणाली, असा कोण लिहित असात? मी म्हटलं, माणूस नाही गं, हल्ली मशीन लिहितं असलं सगळं."

विशाखाताई खाली बघत होत्या. या वेळी त्या काही बोलणार नव्हत्या, हे मला कळलं.

"मशीनने नाही लिहिलं," मी म्हणाले. "मी लिहिलं. त्या दिवशी जिन्याखाली मी उभी होते, तेव्हाच सांगायला हवं होतं."

नेहा माझ्याकडे बघत राहिली. गॅलरीतून कुणीतरी बादली घेऊन गेलं, पाणी सांडल्याचा आवाज आला. मी अजून दाराजवळच उभी होते. विशाखाताई माझ्याकडे न बघता कॉटवर थोड्या सरकल्या आणि शेजारी जागा केली.

"बस," नेहा म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "कळल्यानंतर आई कशी जगली, ते ऐकून जा."

मी बसले. तिने सुरुवात केली, आणि तिचं सांगून होईपर्यंत आम्ही दोघी हललो नाही.