सेल्वीच्या नावाची पत्ती

चहाची पत्ती विकणाऱ्याकडे किस्से न खपलेल्या मालासारखे साचतात. सांगायला घरी कोणी नसलं की जरा जास्तच! बायको गेली, घर खायला उठलं, म्हणून पन्नाशीत मी हा उद्योग काढला. निलगिरीतल्या बायकांकडून थेट ग्रीन टीची पत्ती घ्यायची. मधे दलाल न्हाई, मळ्यात विषारी फवारा न्हाई, आणि पेटीवर खुडणारीचं नाव! तसा शब्दच दिला होता त्यांना. पक्कं गिऱ्हाईक मिळालं न्हाई, तर त्या परत दलालाच्या दारात.

*

नवीन जालन्यात पहिला पुडा बियाणे कंपनीतल्या एका साहेबांनी नेला. दुसऱ्या दिवशी परत! "अर्धा तास उकळली हो! निस्ती पोहून राह्यली, रंगच देईना!"

*

एका किराणावाल्याला मी 'फेअर ट्रेड' म्हणजे काय ते तासभर समजावलं. खुडणारीला बराबर मोबदला, वगैरे वगैरे. त्यानं मान डोलावली आणि आत बायकोला हाक मारली, "अगं, गोरं व्हायची पत्ती आली, घ्यायची का?"

*

हसनाबादला एका शेतकऱ्याच्या ओसरीवर मी बिनदुधाचा चहा करून दाखवला. सगळ्यांनी गुपचूप पिला. निघताना त्याच्या आईनं बाटलीभर दूध माझ्या पिशवीत ठेवलं. "लाजू नको बाबा. आमची बी म्हैस आटल्ती मागं."

घरी आणून तापवलं. एकट्यानं किती पिणार? सकाळी नासलं. लई वाईट वाटलं.

*

शहागडला हायवेवर हॉटेल असलेले नाना मात्र पत्तीवर खूश! कारवाल्यांसाठी दर महिन्याला एक पेटी. पेटीवरचं वाचून म्हणाले, "खुडणारी सेल्वी. ह्या आपल्या वहिनी? तिकडंच राहत्यात? तरीच तुम्ही एकटे!"

न्हाई म्हणायला तोंड उघडलं होतं. पण किती दिवसांनी कोणी 'वहिनी' म्हणालं होतं! मी म्हणालो, "हो."

मंग दर खेपेला, "वहिनी बऱ्या हायत ना? कवा येणार?"

मी आपला, "हंगाम संपला की!"

तेवढं ऐकायला मी पेटी पार्सलनं न पाठवता स्वतः यष्टीनं न्यायचो.

*

दोन वर्षांनी निलगिरीहून पत्र आलं. सेल्वी काम सोडून लेकीकडे राहायला गेल्ती. नव्या पेटीवर नाव होतं दुसऱ्या खुडणारीचं, मारीचं.

नानांनी ते वाचलं. गल्ल्यावरून उठून माझ्याजवळ येऊन बसले. "वहिनी गेल्या का, भाऊ?"

"गेली," मी म्हणालो. "चार वर्षं झाली." आणि सगळं खरं सांगून टाकलं. एकुलतं एक पक्कं गिऱ्हाईक! ते तुटलं तर त्या बायकांना काय तोंड दाखवणार होतो?

नानांनी पेटीवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"मंग दोन वर्षं मी खुशाली कोणाची इचारून राह्यल्तो?"

"माझ्या सुमनची," मी म्हणालो.

नानांनी पेटी उचलून आत नेली.