गूळ असेपर्यंत गोष्ट

"दिवसातून दोनदा? आणि वरून तोंडात धरून ठेवते?" दातांची डॉक्टरीण अशी कडाडली, की बाहेरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याची आठ दिवस न बसलेली कवळी चटकन जागेवर बसली. माझी सात वर्षांची भाची खुर्चीत आ करून होती. तोंडात दात कमी, काळे खुंट जास्त.

"मॅडम, बोराएवढाच गूळ देतो," मी म्हणालो.

"चघळते किती वेळ?"

भंडाऱ्यापासून कोंढ्यापर्यंत एसटीत अख्खी गाडी हसवत नेणारी माझी जीभ तिथे "गोष्ट संपेपर्यंत" एवढंच बोलली.

बहीण आणि मेव्हणे एकाच वर्षात गेले. त्यांचा एचआयव्ही पोरीच्या रक्तात राहिला. गावात आम्ही सांगतो, पोरीला रक्त कमी आहे. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, गोळी चुकवायची नाही. आणि गोळी इतकी कडू, की कारल्यानं तिच्या पाया पडावं. पोरगी थुंकायची. मग मी अक्कल लढवली: गोळी गिळली की गुळाचा खडा, आणि गूळ तोंडात असेपर्यंत मामाची गोष्ट. गूळ संपला, गोष्ट संपली.

पोरगी माझ्याहून बेरकी. खडा चावायचीच नाही. गालात दडवून बसायची. मीही कमी नाही. माझ्या गोष्टीतला बगळा तळ्यातून बैलबंडी उचलायचा, बैलांसकट, आणि ती जवाहरनगरच्या फॅक्टरीवरून नेता नेता मी अर्धा तास खायचो. संध्याकाळची गोष्ट ऐकता ऐकता ती झोपायची. गूळ तसाच गालात. मी पांघरूण घालायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो.

हे सगळं मी डॉक्टरणीला सांगितलं. बैलबंडी वगळून.

तिचा आवाज खाली आला. ते ओरडण्यापेक्षा वाईट. "हिच्या तोंडात लाळ कमी. किडीशी लढायचं बळही कमी. दुसऱ्या पोराचं तोंड एवढं सोसून घेईल एखादवेळी, हिचं नाही. चार दिवस जेवली नाही म्हणता. गोळ्या?"

"थुंकून राहिली. झोंबते म्हणते."

"दात पुन्हा येतील. हे दुधाचे आहेत. गोळ्या अशाच सुटत राहिल्या तर औषध लागू पडणार नाही. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

पोरगी खुर्चीत आ करून सगळं ऐकत होती. तीन दाढा काढल्या. पोरगी रडली नाही. मी रडलो असतो, पण बाकावरचा म्हातारा दारातून बघत होता.

परतीच्या एसटीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून, गालाशी रुमाल धरून पडली. अख्ख्या गाडीत मी कोणाला हसवलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "काहो भाऊ, आज बरं नाही काय?" मी नुसतं तिकीट घेतलं.

संध्याकाळी आठ वाजले. गुळाचा डबा मी शेजारणीकडे देऊन आलो होतो. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा गिलास. पोरगी भिंतीला टेकून, सुजलेला गाल, बंद ओठ. आज ही थुंकली, तर माझ्याकडे दुसरी युक्ती नव्हती.

"आज गूळ नाही," मी म्हणालो, "पण गोष्ट आजवरची सगळ्यात मोठी. बगळा आज अख्खी रेल्वे उचलते वरठी टेशनावरून. इंजिनासकट! आयकतं का?"

तिनं हात पुढे केला.

"गोष्ट राहू दे, मामा. गोळी दे."