सानियानं काढलेला अम्मीचा फोटो

आज कळंबला गुऱ्हाळाजवळून जाताना उकळत्या रसाचा वास आला आणि भाचीचा, सानियाचा, पहिला कॅमेरा आठवला. पंधरा वर्षांच्या त्या पोरीला मी अशाच एका गुऱ्हाळावर फोकस शिकवत होतो. तिनं कॅमेरा तिच्या आईकडं, म्हणजे माझ्या बहिणीकडं वळवला. स्टोव्हच्या भडक्यात गाल भाजल्यापासून बहीण तोंडावरचा पदर काढत नसे.

"अम्मी, पदर सोड की."

"नगं गं."

"घाई करू नको, वाट बघ," मी सानियाला हळूच म्हणालो.

बऱ्याच वेळानं बहिणीनं पदर सोडला. सानियानं श्वास रोखून बटण दाबलं.

फोटो बघून बहीण म्हणाली, "एवढी वाईट न्हाय दिसत मी."

मला तेव्हा फोटो स्पष्ट आल्याचाच आनंद होता. परतताना ती भर बाजारातून उघड्या चेहऱ्यानं चालली होती, हे आज लक्षात येतंय.