करमाडच्या अलीकडचं जेवण

चिकलठाण्याच्या विमानतळावर आम्ही दोघं एकाच ट्रॅव्हल्सच्या गाड्या चालवायचो. मी पुंजाराम अन् तो बद्रीनाथ. मी तोंडाळ, तो घुम्या. विमान उतरायच्या आत माझी पार्किंगवाल्याशी दोनदा जुंपलेली असायची, अन् हा आपला कोरड्या फडक्यानं गाडी पुसत बसलेला. दुष्काळात पाण्यानं गाडी धुणं केव्हाच बंद झालं होतं. शेंद्र्याला कारखाने आले तशी गावांतली निम्मी पोरं तिकडं लागली, उरलेली आमच्यासारखी स्टिअरिंगला.

एका तऱ्हेचं बुकिंग मात्र हमखास बद्रीकडं जायचं. गावाकडं घरातलं कुणी वारलं की घरचे दूर बंगळुरातल्या पोराला खरं सांगत नाहीत. तब्येत बिघडलीय, लवकर ये, एवढंच. मग विमानतळापासून घरापर्यंत गाडी लावतात. बद्री फोनवर पत्ता लिहून घ्यायचा अन् हळूच विचारायचा, “पोराला काय सांगितलंय?” वाटेत आपण भलतंच बोलायला नको म्हणून.

अन् जालना रोडनं निघाला की करमाडच्या अलीकडं एका हॉटेलावर गाडी थांबवायचाच. पॅसेंजर नको म्हणाला तरी. “दोन घास खाऊन घ्या साहेब, पुढं काही मिळत नाय.”

एकदा एक इंजिनियर पोरगा तिथं पोटभर शेवभाजी खाऊन घरी उतरला, तर अंगणात बाप तिरडीवर. त्यानं माघारी फिरून बद्रीची गचांडी धरली. “तुला माहीत होतं ना? अन् मला जेवू घातलंस?” मला कळलं तसं मी बद्रीला झाप झाप झापलं. “कुणी सांगितलेत रे तुला हे नसते उद्योग? गाडी चालवायची अन् गप घरी जायचं.”

“तिथं चूल पेटलेली नसती,” तो म्हणाला. “माती होईस्तोवर पोराला कुणी पाणीबी विचारत नाय.” मग परत फडकं उचललं.

त्या उन्हाळ्यात एका सकाळी मला त्याच्या चुलतभावाचा, शिवराजचा, फोन आला. बद्रीची आई, द्वारकामावशी, गेली होती. “त्याला सांगू नको. चक्कर येऊन पडली म्हण. अन् गाडी त्याच्या हातात देऊ नको.”

मावशी बद्रीच्या डब्यात माझ्यासाठी वेगळा ठेचा धाडायची. बद्री पॅसेंजरच्या नावाची पाटी धरून विमानतळाच्या दारात उभा होता. ती काढून घेतली, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिली अन् म्हणालो, “मावशीला चक्कर आलीय. चल, मी नेतो.”

त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग काही न विचारता शेजारच्या सीटवर बसला.

शेंद्रा आलं, गेलं. हॉटेलावर थांबलो तर त्याला कळणार, नाय थांबलो तर दिवसभर उपाशी राहणार. सकाळपासून नुसत्या चहावर होता तो. पण घरी पोचेस्तोवर त्याच्यापुरती तरी त्याची आई जिवंत राहू दे, असं मला लई वाटत होतं. म्हटलं, थांबायचं नाय. हॉटेल दिसलं तसा मी वेग वाढवला.

“थांबव,” बद्री म्हणाला.

“कशाला? उशीर होईल.”

“भूक लागली.”

त्यानं शेवभाजी-भाकरी मागवली. खाली मान घालून, एकेक घास चावून खाल्ला. मी समोर बसून त्याच्या ताटाकडं बघत राहिलो. ताट साफ झालं. हॉटेलवाल्यानं हात धुवायला अर्धा गिलास पाणी दिलं, त्यात त्यानं बोटं धुतली.

“कवा गेली?” त्यानं विचारलं.

“पहाटं,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. पोऱ्याला हाक मारून आणखी एक भाकरी मागवली अन् ती माझ्याकडं सरकवली.

“खा,” म्हणाला. “तिथं तुलाबी कुणी विचारणार नाय.”

मी खाल्ली.